कोलंबसाने आणलेली मिरची पन्नास वर्षांत 'कालिकतची' कशी झाली?

रानमिरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतेय. मागच्या महिन्यात एका जुन्या वनस्पतीग्रंथाचे स्कॅन चाळत बसले होते. लिओनहार्ट फुक्स नावाच्या जर्मन डॉक्टरचा ग्रंथ, १५४२ मध्ये बाझेलला छापलेला, पाचशेच्या वर चित्रं आणि प्रत्येक चित्रात मुळापासून फळापर्यंत अख्खं झाड. चाळता चाळता अचानक मिरची समोर आली. पानं, फुलं, लोंबणाऱ्या मिरच्या, कुठेही बघितलं तरी ओळखू येईल अशी. छापील पुस्तकातली मिरचीची सर्वात जुनी चित्रं ह्याच ग्रंथातली धरतात. आणि तिला नाव काय दिलंय, तर कालिकतची मिरी!

मी तिथेच थांबले. कारण कोलंबसाच्या रोजनिशीत १५ जानेवारी १४९३ ची नोंद आहे, तो तेव्हा हिस्पानिओला बेटावर होता (आजचं हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक). तो लिहितो की इथे 'अही' पुष्कळ आहे, ही ह्यांची मिरी, आपल्या मिरीपेक्षा मोलाची, इथे कोणीही तिच्याशिवाय जेवत नाही, आणि ह्या बेटावरून वर्षाला पन्नास कॅरावेल जहाजं भरून नेता येतील. (रोजनिशीची मूळ प्रत हरवली, आपल्यापर्यंत आलाय तो बार्तोलोमे दे लास कासास ह्या पाद्र्याने करून ठेवलेला गोषवारा.)

म्हणजे वस्तू कुठली, तिला तिथले लोक काय म्हणतात, कशी खातात, सगळं पहिल्याच सफरीत लिहून झालंय. मग ४९ वर्षांनी एक चांगला शिकलेला, बारकाईने बघणारा डॉक्टर तिला केरळची कसा म्हणतो? मधे काय घडलं? मला जे सापडलं ते लिहीनच, पण इथे जाणकार आहेत म्हणून आधी प्रश्न टाकते.

वरणफळ

मस्त विषय, वाचतेय. मला तर कोलंबस म्हणजे बटाटा आणि मका एवढंच माहीत होतं. पन्नास जहाजं खरंच गेली का पुढे?

सेव्हिलचा_पाहुणा

रानमिरी, गेली सहा वर्षं स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये राहतोय त्यामुळे ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की त्या काळी युरोपात काळी मिरी रोज खाणाऱ्या श्रीमंतांनाही ती कुठे आणि कशी उगवते ह्याचा पत्ता नव्हता. सातव्या शतकात इथल्याच बिशप इसिडोरने लिहून ठेवलं होतं की मिरीची जंगलं कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावर आहेत, साप त्यांची राखण करतात, लोक जंगलाला आग लावून साप पळवतात आणि म्हणून मिरी काळी आणि सुरकुतलेली असते. हे शेकडो वर्षं खरं धरलं गेलं. म्हणूनच १४९३ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या दरबारातला पिएत्रो मार्तिरे हा इटालियन विद्वान कोलंबसाच्या सफरीची बातमी रोमला कळवतो तेव्हा म्हणतो की ही मिरी कॉकेशसच्या मिरीपेक्षा झणझणीत आहे. त्याच्या डोक्यात मिरीचा पत्ता कॉकेशसच. आणि वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून पाच वर्षं होती, म्हणजे मलबारातली मिरीची वेल ह्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी बघितलेलीच नव्हती.

दुसऱ्या सफरीवर १७ जहाजं गेली, त्यावर दिएगो आल्वारेस चांका नावाचा सेव्हिलचा डॉक्टर होता. त्याने १४९४ मध्ये सेव्हिलच्या नगरसभेला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की तिथले लोक एक कंद खातात, त्याच्यासोबत 'अही' नावाचा मसाला लागतो, मासे आणि मिळाले तर पक्षीसुद्धा त्याच्याबरोबरच खातात. मला हे पत्र फार आवडतं, कारण ह्यात भाव नाही, जहाजं नाहीत, माणसं जेवताना बघून लिहिलंय.

आणि भाषेतली गंमत: स्पॅनिशमध्ये काळी मिरी म्हणजे 'पिमिएंता', आणि मिरची, ढोबळी मिरची म्हणजे 'पिमिएंतो'. शेवटचा स्वर बदलला की झालं. आपल्याकडे मिरी आणि मिरची, अगदी तसंच. दोन्ही भाषांनी नव्या पाहुणीला जुन्या ओळखीच्या नावात बसवून टाकलं.

वरणफळ

अरे हो की! मिरी-मिरची रोज बोलतो पण हे कधी डोक्यात आलं नाही. बटाटा, काजू, अननस ही नावं मात्र तिकडूनच चालत आली ना?

रानमिरी

हो, बटाटा हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला, काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून. ह्या तिघांनी आपापली नावं सोबत आणली. मिरचीचं नाव मात्र वाटेतच गळून पडलं, कारण जिथे गेली तिथे लोकांना ती मिरीच वाटली. मला वाटतं माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. स्वतःचं नाव राहिलं असतं तर गावही राहिलं असतं.

वारीचा_वाटसरू

धागा छान आहे पण एक शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय, कोणी अंगावर येऊ नका. आमच्या घरी चार पिढ्यांची वारी आहे. सावता महाराजांच्या अभंगात 'लसूण मिरची कोथिंबिरी' आहे, लहानपणापासून म्हणत आलोय. महाराजांनी देह ठेवला १२९५ मध्ये. मग मिरची १४९३ नंतर जगाला कळली हे कसं जुळवायचं?

रानमिरी

वाटसरू, शंका अगदी योग्य आहे आणि खरं सांगायचं तर मी तिची वाटच बघत होते.

मला असं दिसतं: हे अभंग शेकडो वर्षं तोंडी चालत आले. वारीत, शेतात, भजनात म्हणताना प्रत्येक पिढीने त्यात आपल्या मळ्यातलं घातलं. तेराव्या शतकातल्या महाराजांच्या अरण गावच्या मळ्यात तिखटाला दुसरं काहीतरी असणार, पुढे मिरची इतकी घरची झाली की ती अभंगातही येऊन बसली. ह्याने अभंगाला काही कमीपणा येतो असं मला वाटत नाही. मिरचीच्या बाजूने पुरावा मात्र पक्का आहे: कॅप्सिकमच्या (हे मिरचीच्या अख्ख्या गटाचं शास्त्रीय नाव) सगळ्या रानटी जाती अमेरिका खंडातच सापडतात, आणि मेक्सिकोत उत्खननात मिळालेले मिरचीचे अवशेष हजारो वर्षं जुने आहेत. आपल्याकडे त्या काळातलं तसं काही नाही.

वारीचा_वाटसरू

पटलं. मळ्यात जे पिकतं तेच ओठावर येणार. घरी वडिलांना वाचून दाखवतो.

ओवाआलं

आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे म्हणून दोन ओळी. हाच गोंधळ आमच्याकडेही होतो. चरकसंहितेत 'मरिच' आहे म्हणून मिरची आपल्याकडे पूर्वापार होती असं लोक ठामपणे सांगतात, पण मरिच म्हणजे काळी मिरी. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू होतं, त्यात लाल मिरची कुठेच नाही. मिरची यायच्या आधी आपलं सगळं तिखट ह्या तिघांवरच चालायचं. जुन्या ग्रंथात एखादं नाव सापडलं की हातातली वस्तू त्यात कोंबायचा मोह फार जबरदस्त असतो.

रानमिरी

ओवाआलं, तू जे म्हणतेस तेच फुक्सने केलंय! मिरचीच्या पानावर त्याने मोठा शीर्षकशब्द दिलाय 'सिलिक्वास्ट्रम'. हा शब्द त्याने प्लिनी ह्या रोमन लेखकाकडून उचलला, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. प्लिनीने मिरीसारख्या चवीची एक झाडी वर्णन केली होती, फुक्सने ती म्हणजेच ही असं ठरवून टाकलं. त्या काळच्या विद्वानांची श्रद्धाच अशी की जगातली प्रत्येक वनस्पती ग्रीक, रोमन किंवा अरब वैद्यांनी आधीच नोंदवलेली आहे, आपलं काम फक्त कुठली ते ओळखायचं. प्लिनीला माहीत असलेली वनस्पती अमेरिकेची कशी असेल? अमेरिका तर प्लिनीला माहीतच नव्हती. मग उरलं काय, पूर्वेकडचा हिंदुस्थान, आणि मिरीचं बंदर कालिकत.

त्यात 'इंडिया' हा शब्द. कोलंबस मरेपर्यंत आपण आशियात पोचलो असंच धरून होता. त्यामुळे स्पेनमधून निघालेली 'इंडियाची मिरी' जर्मनीत पोचेपर्यंत कुठल्या इंडियाची हे सांगायला कोण उरणार?

फोंडेकार

देव बरें करूं. मी फोंड्याचो, मराठीत लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कोंकणीत मिरचीला मिरसांग म्हणतात. मिरें म्हणजे मिरी आणि सांग म्हणजे शेंग. मिरीची शेंग. आजीच्या तोंडून हाच शब्द, मिरची कोणी म्हणायचंच नाही.

आता गोव्याबद्दल एक लिहायचं आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये इथे आला, तीस वर्षं राहिला, मुंबई बेटावर त्याची बाग होती. १५६३ मध्ये गोव्यातच त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक छापलं. त्यात काळी मिरी आहे, लवंग, दालचिनी, आंबा, फणस, भांग, काय नाही! पण मिरची नाही. बाजारात फिरणारा, प्रत्येक वस्तूचं स्थानिक नाव विचारून लिहून घेणारा माणूस. मला नेहमी वाटतं की मिरची त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण परसातल्या कुंपणाजवळची, गरिबाच्या ताटातली, तिला वैद्याच्या पुस्तकात जागा नव्हती. पुढे क्लुसियस ह्या वनस्पतीशास्त्रज्ञाने लिहिलं की ही मिरची पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या पेर्नांबुकोहून हिंदुस्थानात नेली. ओर्ताच्या पुस्तकाचं लॅटिन रूपांतर १५६७ मध्ये ह्याच क्लुसियसने केलं होतं.

रानमिरी

फोंडेकार!! तुम्ही काय दिलंत हे तुम्हाला कळलंय का? लॅटिनमध्ये 'सिलिक्वा' म्हणजे शेंग. फुक्सने शोधून शोधून जे नाव उचललं त्याच्या पोटात शेंगच आहे, आणि जर्मनमध्ये मिरचीला 'शेंगमिरी' अशा अर्थाचाही एक शब्द आहे. म्हणजे ट्युबिंगेनचा प्राध्यापक फुक्स आणि फोंड्याची आजी, एकमेकांचं नावही न ऐकता, एकाच झाडाकडे बघून एकच म्हणाले: मिरीची शेंग. अंगावर काटा आला लिहिताना.

ओर्ताबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण दुसरी शक्यताही आहे की तेव्हा गोव्यात मिरची अजून फार पसरलेलीच नव्हती.

फोंडेकार

असू शकतं. पण १५१० पासून पोर्तुगीज गोव्यात, आणि त्याच्याही आधी १५०० मध्ये काब्राल ब्राझीलचा किनारा गाठून तिथूनच कालिकतला आला होता. त्रेपन्न वर्षांत एक बी पडलं नाही हे माझ्या मनाला पटत नाही.

पाप्रिकावाली

बुडापेस्टहून लिहितेय. इकडे जुन्या हंगेरियनमध्ये मिरचीला 'तुर्की मिरी' म्हणत, पाप्रिका हा शब्द नंतरचा, दक्षिणेकडच्या स्लाव लोकांकडून आलेला, त्याच्याही मुळाशी मिरीच. काही अभ्यासक म्हणतात की मध्य युरोपात मिरची स्पेनहून आलीच नाही, पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात नेली, तिथून पर्शियन आखात, ऑटोमन मुलूख, बाल्कन अशी फिरत आली. तसं असेल तर फुक्सचं 'कालिकत' अगदीच चूक नाही, त्याच्यापर्यंत जी मिरची आली ती खरंच त्या वाटेने आली असेल.

सेव्हिलचा_पाहुणा

पाप्रिकावाली, ही मांडणी मीही वाचलीय पण मला तितकीशी पटत नाही. कारण फुक्सच्याच ग्रंथात मक्याचं चित्र आहे आणि त्याला त्याने तुर्कस्तानचं धान्य म्हटलंय. अमेरिकेतला तो मोठा पक्षी घ्या, इंग्रजीत टर्की, फ्रेंचमध्ये नाव पडलं 'इंडियाची' ह्या अर्थाचं, आणि डच लोक त्याला 'काल्कून' म्हणतात, म्हणजे चक्क कालिकतची कोंबडी! हा पक्षी काही कालिकतवरून आला नव्हता. लांबून आलेल्या कुठल्याही नवलाच्या वस्तूला तुर्की किंवा कालिकत म्हणायची तेव्हा पद्धतच होती. इंग्लंडात जेरार्डने आपल्या वनस्पतीग्रंथात १५९७ मध्ये मिरचीला गिनीची मिरी म्हटलं, म्हणजे थेट आफ्रिका.

पाप्रिकावाली

काल्कूनचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण नावावरून वाट सिद्ध होत नाही तशी ती खोटीही ठरत नाही ना. तुर्की मिरी हे नाव जिथे पडलं तिथे तुर्क खरोखर राज्य करत होते, शेजारच्या बागेतूनच बी आलं असणार. दोन्ही वाटांनी आली असं मी म्हणेन, जर्मनीत एका आणि इकडे दुसऱ्या.

(अवांतर: सेगेडमध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गीने ह्याच पाप्रिकातून सी जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं. इथले लोक फार अभिमानाने सांगतात.)

मोरआवळा

जेरार्डचं नाव निघालं म्हणून, त्याने लिहिलंय की मिरची यकृताला घातक आहे आणि कुत्र्याने खाल्ली तर कुत्रा मरतो. कुत्र्याची गोष्ट त्याच्या आधी नेदरलँड्सच्या भागातल्या डोडुन्सनेही लिहिली होती. आणि होसे दे आकोस्ता नावाचा जेझुइट पाद्री, जो पेरू आणि मेक्सिकोत प्रत्यक्ष राहून आला, त्याने १५९० मध्ये लिहिलं की तरुणांनी ती जास्त खाऊ नये, शरीरालाच नाही तर आत्म्यालाही अपाय, वासना चाळवते. पण त्याच आकोस्ताने नीट नोंदवलंय की बेटांवर तिला अही, मेक्सिकोत चिली आणि कुस्कोच्या भाषेत उचू म्हणतात, आणि मीठ घातलं की जहालपणा कमी होतो. जो तिकडे राहिला त्याला तीन नावं माहीत, जो घरी बसला त्याने कुत्रे मारले.

वरणफळ

माझा पहिला प्रश्न राहिलाच. पन्नास जहाजांचं काय झालं?

रानमिरी

नाही गेली गं. आणि त्याचं कारण मिरचीच्याच अंगात आहे.

काळी मिरी दमट उष्ण प्रदेश सोडून कुठे येत नाही, म्हणून ज्याच्या हातात समुद्राची वाट त्याच्या हातात भाव. पोर्तुगालच्या राजाने तो व्यापार मुठीत ठेवला तो ह्याच जोरावर. मिरचीचं उलट. एक वाळलेली मिरची खिशात आली की तुमच्याकडे मूठभर बी आलं, आणि ते स्पेनच्या उन्हाळ्यात एका हंगामात फळ देतं. जर्मनीच्या थंडीतसुद्धा कुंडीत लावून घरात घेता येतं, फुक्स लिहितो की काही वर्षांपूर्वी कोणाला माहीत नव्हती आणि आता कुंड्यांतून सगळीकडे लावतात. मग जहाज भरून कोण आणणार आणि विकत कोण घेणार?

सेव्हिलच्याच निकोलास मोनार्देसने, हा डॉक्टर स्वतः अमेरिकेला कधी गेला नाही पण बंदरावर उतरणारी प्रत्येक वनस्पती गोळा करायचा, १५७० च्या सुमारास हे स्वच्छ लिहिलंय: स्पेनमध्ये ही मिरची नाही अशी बाग नाही, फळ सुंदर दिसतं म्हणूनही लावतात, आणि पूर्वेच्या मिरीला कितीतरी दुकात (सोन्याची नाणी) मोजावे लागतात तर हिला फक्त पेरायचा खर्च, एका झाडावर घराचा वर्षभराचा मसाला निघतो. कोलंबस म्हणाला होता की ही मिरीपेक्षा मोलाची, आणि ते खाणाऱ्यांच्या बाजूने खरं ठरलं, व्यापाऱ्यांच्या बाजूने नाही. जिच्यावर जकात बसत नाही तिची कागदावर नोंद राहत नाही. ती मठांच्या बागेतून, खलाशांच्या बायकांकडून, शेजारणीकडून शेजारणीकडे गेली. म्हणून विद्वानांपर्यंत पोचली तेव्हा तिच्यासोबत कागद नव्हता, फक्त ऐकीव नाव होतं.

भिवापूरकर

मिरची उत्पादक शेतकरी आहो, आमच्या भिवापुरी मिरचीचं बी आम्ही अजूनही घरीच ठेवतो. ताई म्हणते ते शंभर टक्के खरं. चांगल्या झाडाची लाल झालेली मिरची निवडाची, सावलीत वाळवाची, बी राखेत ठेवलं तर दोन वर्षं आरामात उगवते. महिना-सव्वा महिन्यात रोप लावणीले येते. मिरी मी केरळात पायली, वेलीचं छाट लावून तीन वर्षं वाट पहा लागते. शेतकऱ्याले कोणतं परवडंल हे सांगाची गरज नाही. आणि पाखरं, त्यायले तिखट लागतच नाही, खाऊन बी दूरवर टाकतात, बांधावर आपोआप उगवलेल्या मिरच्या पाहा कधी.

सेव्हिलचा_पाहुणा

भिवापूरकर, फार सुंदर लिहिलंत. इकडे एक्स्त्रेमादुरात ला व्हेरा म्हणून खोरं आहे, तिथे शरद ऋतूत मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून तिची पूड करतात. तिथल्या मठातल्या भिक्षूंनी पहिल्यांदा लावली असं सगळे सांगतात. लहान तिखट मिरचीला इथे 'गिंदिया' म्हणतात, आंबट चेरीवरून पडलेलं नाव. भाषा मिरीवरून चेरीवर गेली पण 'अही' वर नाही आली.

ओवाआलं

मग ते मूळ नाव पूर्णच गेलं का? ज्यांनी कोलंबसाला दिली ते लोक कोण होते?

रानमिरी

तैनो. आणि लिहिताना मला ह्याच जागी जड जातंय. कोलंबस आला तेव्हा हिस्पानिओलावर त्यांची मोठी वस्ती होती. वेठबिगार, उपासमार, कत्तली, मग १५१८ च्या शेवटी देवीची साथ. फुक्सचं पुस्तक छापलं गेलं त्या १५४२ पर्यंत त्या बेटावर तैनोंच्या वस्त्या जवळजवळ संपल्या होत्या. लास कासास, ज्याने कोलंबसाची ती मिरचीची नोंद आपल्यासाठी उतरवून ठेवली, त्याच माणसाने त्याच वर्षी हा सगळा संहार राजापुढे मांडला. एकीकडे बाझेलमध्ये मिरचीचं चित्र रंगवलं जात होतं आणि दुसरीकडे ती ज्यांनी शेकडो वर्षं निवडून निवडून वाढवली त्यांच्यातले सांगायला फार थोडे उरले होते. गाव चुकलं त्याला प्लिनी कारण आहे, तुर्क आहेत, 'इंडिया' शब्द आहे, पण मला हेही एक कारण वाटतं.

ओवाआलं

काही सुचत नाहीये लिहायला.

सेव्हिलचा_पाहुणा

शब्द गेला नाही हो. आमच्या ऑफिसात सांतो दोमिंगोची, म्हणजे त्याच बेटावरची, एक बाई आहे. हा धागा वाचून काल तिला विचारलं की तुमच्याकडे ढोबळी मिरचीला काय म्हणतात. ती म्हणाली 'अही', दुसरं काय म्हणणार? आई रोज बाजारातून आणायची म्हणे. कोलंबसाच्या काळी त्यातल्या 'ह' च्या जागच्या स्पॅनिश अक्षराचा उच्चार 'श' च्या जवळचा होता, म्हणजे त्याने कानाने ऐकलं असेल ते 'अशी'. तिला हे सांगितलं तर ती दिवसभर ते म्हणून बघत होती.